मिउरा: आडव्या इंजिनाच्या गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या टेबलावर लॅम्बोर्गिनी मिउराचं एक नारिंगी मॉडेल आहे, एकास अठरा मापाचं. घरी येणारा प्रत्येक जण ते उचलतो, मागचं झाकण उघडतो आणि विचारतो, "इंजिन इथे? आणि असं आडवं?" चहा होईपर्यंत आणखी चार प्रश्न येतात. इतक्या वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा झाले, की आता उत्तरं लिहूनच काढली. आधीच सांगून ठेवतो: प्रश्न कुठलाही असो, उत्तर बहुतेक वेळा त्या आडव्या, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेल्या, इंजिनापाशीच येऊन थांबतं.

मिउरा म्हणजे नक्की कुठली गाडी?

इटलीतल्या बोलोन्या शहराजवळच्या सान्तागाता बोलोन्येसे गावात १९६६ ते १९७३ या काळात बनलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. सीटच्या पाठीमागे चार लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन. पी ४००, नंतरचा एस आणि शेवटचा एसव्ही, हे तिन्ही प्रकार धरून साडेसातशेच्या थोड्याच वर गाड्या बनल्या. कंपनीत तिचं नाव पी ४००. पी म्हणजे 'पोस्तेरियोरे', इंजिन मागच्या बाजूला; ४०० म्हणजे चार लिटर.

उच्चार मिउरा की मियुरा? आणि नाव कुणाचं?

मिउरा. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ मिउरा घराण्याचं झुंजीच्या बैलांचं पैदास केंद्र आहे, त्यावरून. कंपनीचे मालक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ चा, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने रास वृषभ. म्हणून कंपनीच्या चिन्हावर बैल, आणि पुढे कितीतरी गाड्यांना बैलांचीच नावं. १९६८ ची इस्लेरो हीही याच गोठ्यातली. १९४७ साली मानोलेते या नावाजलेल्या बैलझुंजाऱ्याचा जीव घेणारा बैल इस्लेरो, आणि तो मिउरांच्याच पैदाशीचा. आपल्याकडे गाडीला असं नाव द्यायची कुणाची छाती होणार नाही.

मिड-इंजिन म्हणजे काय? मागचं इंजिन आणि मधलं इंजिन यात फरक काय?

इंजिन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये असेल तर ते मिड-इंजिन. जुनी फोक्सवॅगन बीटल किंवा पोर्श ९११ यांचं इंजिन मागच्या चाकांच्याही पलीकडे लटकतं, ती खरी मागच्या इंजिनाची गाडी. मिउराचं इंजिन सीटच्या पाठीला लागून, पण मागच्या चाकांच्या अलीकडे.

फायदा काय, ते कावडीने कळतं. खांद्यावर भरलेली कावड घेऊन अंगणात गर्रकन वळून पाहा. टोकाच्या घागरी आधी वळायलाच तयार होत नाहीत, आणि एकदा वळायला लागल्या की थांबायचं नाव घेत नाहीत. त्याच दोन घागरी छातीशी कवटाळून वळा. ओझं तेवढंच, पण तुम्ही भोवऱ्यासारखे फिराल. गाडीचंही तसंच. जड वस्तू मधोमध असली की नाक पटकन वळतं.

याला दुसरी बाजू आहे. भोवरा फिरायला लागला की आवरायलाही वेळ देत नाही. पुढे इंजिन असलेली गाडी घसरायची तर आधी कुरकुरते, चालवणाऱ्याला सावध करते. मिड-इंजिन गाडी उशिरा घसरते, पण घसरली की झटक्यात. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत १९६१ पर्यंत जवळजवळ सगळ्यांनी इंजिन पाठीमागे नेलं होतं. रस्त्यावरच्या मोठ्या, महाग गाड्यांचं इंजिन मात्र अजून नाकातच होतं, कारण गिऱ्हाइकाला सामान ठेवायचं असतं, शेजारच्याशी बोलायचं असतं, आणि पाठीला भट्टी नको असते.

मग ते आडवं कशाला बसवलं? उभं बसवायला काय हरकत होती?

लांबी. बारा सिलिंडर दोन रांगांत, म्हणजे एका रांगेत सहा. असं इंजिन गाडीच्या लांबीत ठेवलं, त्याच्यामागे क्लच, त्याच्यामागे गिअरबॉक्स लावला, तर सीटच्या पाठीपासून मागच्या चाकापर्यंत एक छोटी खोली होते. पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून इतकी दूर जातात की मधल्या इंजिनाचा सगळा चपळपणा लांबीतच विरतो.

१९६५ साली कंपनीत तीन तरुण होते. मुख्य अभियंता जानपाओलो डाल्लारा, त्याचा जोडीदार पाओलो स्टान्झानी, आणि गाड्या चालवून त्यांच्यातले दोष शोधणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेस. तिघांचंही वय तिशीच्या आत. तिघांनाही शर्यतीचं वेड, आणि मालकाला शर्यतीत पैसे घालवायचे नव्हते. त्यामुळे या मंडळींनी रस्त्यावर चालेल अशी शर्यतीची गाडी डोक्यात घेतली. सगळं काम प्रामुख्याने कामाची वेळ संपल्यावर चालायचं.

लांबीची अडचण सोडवताना डाल्लाराची नजर गेली ती ब्रिटनच्या मिनीवर. १९५९ साली आलेली, दहा फुटांची, सामान्य माणसाची गाडी. तिच्यात जागा वाचवायला इंजिन आडवं टाकलं होतं आणि गिअर इंजिनाच्या पोटातच, त्याच तेलात ठेवले होते. चार सिलिंडरचं जे जमलं ते बारा सिलिंडरचं का जमू नये? मिउराच्या इंजिनाचा खालचा भाग, गिअरबॉक्स आणि दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल हे सगळं हलक्या धातूच्या एकाच ओतकामात बसवलं. गिअर इंजिनाच्या मागच्या अंगाला गेले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण अडीच मीटरवर थांबलं. बारा सिलिंडरच्या गाडीला हे माप म्हणजे चिमूटभर.

तुमच्या घरच्या छोट्या गाडीचं बॉनेट उघडा, इंजिन आडवंच दिसेल. आज ते कुणाला नवल वाटत नाही. पण गरिबाच्या गाडीतली युक्ती उचलून राजेशाही गाडीत घालायची, आणि तीही मधोमध, हे डोकं मला आजही मिउराच्या रूपापेक्षा भारी वाटतं.

एकच तेल इंजिनाला आणि गिअरलाही? ते चालतं का?

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत तेच असतं, आणि त्या लाखो किलोमीटर पळतात. फरक जोराचा आहे. साडेतीनशे अश्वशक्ती जेव्हा गिअरच्या दात्यांतून जाते, तेव्हा दाते झिजून धातूचा कीस तेलात उतरतो, आणि तेच तेल पुढे इंजिनाच्या नाजूक बेअरिंगांत जातं. शिवाय इंजिनाला हवं असतं एक तेल आणि गिअरला दुसरं. एकाच डब्यातून दोघांचं समाधान करायचं म्हणजे सासू आणि सून दोघींना आवडेल असं मीठ घालण्यासारखं. शेवटी एसव्ही प्रकारातल्या नंतरच्या गाड्यांत दोन तेलं वेगळी केली. आज लिलावात 'तेल वेगळं असलेली एसव्ही' हे शब्द ऐकले की किंमत वर सरकते, ती याचमुळे.

इंजिन कुणाचं?

जोत्तो बिझारिनी यांचं. हे आधी फेरारीत होते, १९६१ साली तिथून बाहेर पडले, आणि १९६३ मध्ये लॅम्बोर्गिनीसाठी त्यांनी साडेतीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आखलं. सिलिंडरच्या दोन रांगांमध्ये साठ अंशांचा कोन, प्रत्येक रांगेवर झडपा उघडणारे दोन दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट. पुढे ते वाढून ३,९२९ सीसीचं झालं आणि मिउरात आलं. सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर, पिस्टनची धाव फक्त ६२. व्यास मोठा नि धाव आखूड, म्हणून ते मिनिटाला जास्त फेऱ्या घेताना खुलतं.

या इंजिनाचं आयुष्य मात्र विलक्षण. वाढत, बदलत, त्याचा वंश २०१० मध्ये लॅम्बोर्गिनीची मुर्सिएलागो ही गाडी बंद होईपर्यंत चालला. सत्तेचाळीस वर्षं!

ट्रॅक्टरवाल्याचा फेरारीने अपमान केला आणि म्हणून त्याने कंपनी काढली, ही गोष्ट खरी?

फेरुच्चो स्वतः ती रंगवून सांगायचे. त्यांच्या फेरारीचा क्लच सारखा जायचा, तक्रार घेऊन गेले तर एन्झो फेरारींनी ट्रॅक्टर चालवणाऱ्याने गाड्यांबद्दल शिकवू नये अशा अर्थाचं सुनावलं, वगैरे. बंद दाराआड नेमकं काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. मला इतकंच दिसतं की फेरुच्चो शेतकऱ्याचा मुलगा, ट्रॅक्टरच्या धंद्यात पैसा केलेला, आणि महागड्या गाड्यांत चांगला नफा आहे हे त्याला बरोबर कळलेलं होतं. अपमान झाला असेलही. हिशोब नक्कीच झाला होता.

गाडीचं रूप कोणी काढलं? जुजारोने की गान्दिनीने?

हा वाद गाडीइतकाच जुना. नोव्हेंबर १९६५ मध्ये टुरिनच्या प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने नुसता सांगाडा मांडला. पत्र्याची चौकट, तिला जागोजागी वजन कमी करायला पाडलेली भोकं, आणि मध्ये ते आडवं इंजिन. अंगावर पत्रा नाहीच. ते पाहून तिथल्या बॉडी बनवणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. काम मिळालं टुरिनच्याच नुच्चो बेर्तोने यांना. त्यांच्याकडचा जॉर्जेत्तो जुजारो त्याच वर्षी दुसरीकडे गेला होता, आणि त्याच्या जागी आला होता मार्चेल्लो गान्दिनी, वय २७. मिउराचं श्रेय गान्दिनीला जातं. जुजारोच्या जुन्या रेखाटनांचा त्यात किती वाटा, यावर लोक साठ वर्षं भांडत आहेत.

गान्दिनीच्या नंतरच्या गाड्या पाहिल्या, काउंटाश, लान्चिया स्ट्रॅटॉस, तर बहुतेक पाचरीसारख्या, फूटपट्टीने कापलेल्या. मिउरा तशी नाही. तिच्यात गोलाई आहे, मागच्या चाकांवरचा पत्रा दमदार जनावराच्या मांडीसारखा फुगलेला आहे. मला विचाराल तर त्याच्या हातून झालेली ही एकमेव लाघवी गाडी. तो २०२४ मध्ये गेला.

आडव्या इंजिनाने त्याचंही काम सोपं केलं. चाकांमधलं अंतर कमी, गाडीची उंची साधारण १.०५ मीटर. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा वीतभर जास्त, इतकीच! पुढचं सगळं नाक एका झाकणात पुढे उघडतं, मागचं सगळं शेपूट दुसऱ्या झाकणात मागे उघडतं. ही दोन्ही झाकणं ॲल्युमिनियमची, मधली केबिन पोलादाची.

एक बारकावा माझा लाडका. दार उघडायची कडी दिसतच नाही. खिडकीच्या मागे हवा आत घेणाऱ्या काळ्या पट्ट्यांची एक उभी जाळी आहे. त्यातलीच एक पट्टी म्हणजे दाराची कडी. आणि दोन्ही दारं उघडून समोरून पाहिलं तर शिंगं दिसतात.

दिव्यांच्या वर-खाली त्या पापण्या कशाला?

शोभेसाठी. दिवे बंद असले की उताणे झोपतात, लावले की वर उठतात, आणि भोवतीच्या काळ्या पट्ट्या खाली उरतात. खरी गंमत म्हणजे दिवे फियाट ८५० स्पायडरचे, म्हणजे स्वस्त गाडीच्या सुट्या भागांतले. छोट्या कंपनीला स्वतःचे दिवे बनवणं कुठे परवडणार?

हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण आमच्या घरी होती फियाट. मिउरा जिनिव्हात झळकत होती तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडत होत्या. त्यातल्याच एका गाडीची पुढची पिढी वडिलांनी जुन्या बाजारातून आणली. सकाळी चोक ओढायचा, दोनदा पाय मारायचा, तिसऱ्यांदा मारला तर पेट्रोल चढायचं आणि मग दहा मिनिटं बॉनेट उघडं टाकून वाट पाहायची. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या त्या गाडीची आणि मिउराची सोयरीक म्हणजे एका गावचे दोन भाऊ. एक रावसाहेब, एक पोस्टमन.

जिनिव्हाच्या प्रदर्शनात मिउरात इंजिनच नव्हतं म्हणतात?

मार्च १९६६ च्या त्या प्रदर्शनाची ही गोष्ट सगळे सांगतात: बॉडी घाईने पुरी झाली, इंजिन तिच्यात बसतं का हे बघायला वेळ मिळाला नाही, म्हणून मागच्या बाजूला वजन भरलं आणि झाकणाला कुलूप. लोक मागे लागले, झाकण काही उघडलं नाही. टुरिनचा उघडा सांगाडा ते जिनिव्हाची पुरी गाडी हे अंतर अवघ्या चार महिन्यांचं, हे पाहता गोष्ट पटते. घरी सत्यनारायण आणि रंगाऱ्याने एका भिंतीला अजून हातही लावला नाही, मग पुढे कपाट सरकवायचं, तसलाच प्रकार.

फेरुच्चोंचा अंदाज होता की ही गाडी म्हणजे कंपनीची जाहिरात. थोडीबहुत विकली जाईल. पण मागण्या अशा आल्या की ती बनवावीच लागली, आणि पुरती सुधारण्याआधीच बनवावी लागली. पुढच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ इथे आहे.

आत बसल्यावर कशी वाटते?

मी चालवलेली नाही, हे आधी सांगतो. पण आत काय कुठे आहे ते सांगता येईल. चालवणाऱ्यासमोर दोन मोठी घड्याळं, एक वेगाचं आणि एक फेऱ्यांचं. वेगाचं ३२० पर्यंत आखलेलं. बाकीची छोटी घड्याळं मधोमध. दिव्याबिव्यांची बटणं डोक्यावर, छताला, विमानासारखी. गिअरचा दांडा उघड्या धातूच्या खाचांतून सरकतो. हा दांडा इंजिन ओलांडून पलीकडच्या गिअरपर्यंत जातो, म्हणून हाताला जड लागतो. आडव्या इंजिनाचा हा आणखी एक कर.

बसण्याची पद्धत त्या काळच्या इटलीची: हात लांब, गुडघे दुमडलेले. उंच माणसाचं डोकं छताला लागतं. पाठीमागे काच, काचेमागे हवेत पेट्रोल मिसळणारे चार वेबर कार्बोरेटर, प्रत्येकाला तीन तोंडं. म्हणजे तुमच्या मानेपासून हातभर अंतरावर बारा तोंडं एकाच वेळी हवा ओढत असतात. गप्पा विसरा. उकाडाही भरपूर. सामानाची छोटी पेटी इंजिनाच्याही मागे, शेपटीत. तिथे ठेवलेला डबा न तापवता गरम होईल.

किती पळते?

पहिल्या पी ४०० ची ताकद ३५० अश्वशक्ती, १९६८ अखेर आलेल्या एसची ३७०, १९७१ च्या एसव्हीची ३८५. कंपनी ताशी २८० किलोमीटरचा दावा करायची, एसव्हीसाठी त्याहून जास्त. शून्यापासून शंभरपर्यंत सहा-सात सेकंद. शून्य ते शंभरचा हा आकडा आजची विजेवर चालणारी एखादी घरगुती गाडीही गाठते, खरं आहे. पण १९६६ मध्ये रस्त्यावर विकत मिळणाऱ्या गाड्यांत कमाल वेगात तिच्यापुढे कोणी नव्हतं. समृद्धी महामार्गावरची १२० ची मर्यादा ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच मोडेल.

किती देते?

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. जोरात चालवली तर लिटरला चार-पाच किलोमीटर. पुढे.

वेगात नाक उचलते, हे खरं का?

खरं. हा तिचा सर्वांत गंभीर दोष. इंजिन मध्ये-मागे गेल्यावर पुढे जागा रिकामी झाली, तिथे रेडिएटर, सुटं चाक आणि पेट्रोलची टाकी ठेवली. टाकी भरलेली असेल तोवर पुढच्या चाकांवर बरं वजन असतं. पेट्रोल संपत जातं तसं नाक हलकं होत जातं. त्यात नाकाचा आकार असा की वेगात वारा खालून शिरतो आणि उचलतो. म्हणजे लांबच्या सपाट रस्त्यावर, टाकी अर्ध्यावर, वेग दोनशेच्या पुढे, आणि स्टिअरिंग हातात लोण्यासारखं हलकं! ज्या क्षणी गाडीने रस्ता घट्ट धरावा, त्याच क्षणी ती हात सैल करते.

आज संगणकावर हे दोन दिवसांत कळलं असतं. तेव्हा ते वॉलेसच्या तळहातांना कळलं.

पेट घेते म्हणतात?

काहींनी घेतला. ते वेबर कार्बोरेटर शर्यतीसाठी घडवलेले. शर्यतीत इंजिन कायम जोरात चालतं. गाडी सिग्नलला उभी राहून घुरघुरत राहिली की त्यांच्यात पेट्रोल साठायचं, ओसंडायचं, आणि खाली तापलेलं इंजिन. आमच्या फियाटमध्ये पेट्रोल चढलं तर गाडी बंद पडायची, इथे भडका. म्हणून जाणकार मालक सुरू करण्यापूर्वी पेट्रोलच्या नळ्या तपासतात, आणि सिग्नलला ताटकळत उभं राहणं टाळतात. अग्निशामक नळकांडं जवळ नसेल तर मिउरा बाहेर काढू नये, हे माझं फुकटचं मत.

पी ४००, एस आणि एसव्ही यांत फरक कसा ओळखायचा?

पापण्या आणि मांड्या पाहा. पी ४०० आणि एसला पापण्या असतात. एसला खिडक्यांभोवती क्रोमची चकचकीत कड, आत विजेच्या काचा. एसव्हीला सहसा पापण्या नाहीत, आणि मागचं अंग बाहेर आलेलं, कारण मागची चाकं रुंद केली आणि मागचं सस्पेन्शन बदललं. सांगाड्याचा पत्रा मात्र पी ४०० च्या काळातच सुरुवातीच्या ०.९ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर केला होता, कारण पहिल्या गाड्या जोरात पिळवटायच्या. संख्या साधारण अशी: पी ४०० पावणेतीनशे, एस ३३८, एसव्ही १५०.

जोटा काय प्रकार आहे?

१९७० मध्ये बॉब वॉलेसने स्वतःच्या हौशीने केलेली एकमेव शर्यतीची मिउरा. नियमांच्या 'जे' परिशिष्टावरून नाव. स्पॅनिशमध्ये 'जे' अक्षराला 'होता' म्हणतात. नाक उचलू नये म्हणून खाली हनुवटीसारखी पट्टी लावली, वजन कमी केलं. १९७१ मध्ये ती अपघातात जळून खाक झाली. नंतर काही गिऱ्हाइकांनी तसल्या गाड्या कंपनीकडून करून घेतल्या, पण मूळ जोटा एकच आणि ती आता नाही.

ही जगातली पहिली मिड-इंजिन गाडी?

नाही. फ्रान्सची जेट नावाची छोटी गाडी १९६२ सालची, इटलीतच एटीएस कंपनीची २५०० जीटी १९६३ ची, डे टोमासो कंपनीची व्हालेलुंगाही आधीची. पण त्या एक तर छोट्या होत्या, नाहीतर हातावर मोजण्याइतक्या विकल्या गेल्या. बारा सिलिंडर मधोमध घालून शेकड्यांनी विकून दाखवणारी पहिली मिउराच. फेरारीने स्वतःच्या नावाची बारा सिलिंडरची मिड-इंजिन गाडी रस्त्यावर आणली ती १९७३ मध्ये, मिउरा संपली त्या वर्षी.

मग मिउरानंतरच्या काउंटाशमध्ये आडवं इंजिन का सोडलं?

मार्च १९७१, तेच जिनिव्हा. लॅम्बोर्गिनीच्या मांडणीत एका बाजूला मिउरा एसव्ही, दुसऱ्या बाजूला पिवळा काउंटाश. त्या काउंटाशच्या नावात एलपी आहे. एल म्हणजे लांबीत, उभं. स्टान्झानीने इंजिन उभं केलं आणि गिअरबॉक्स उलटा फिरवून इंजिनाच्या पुढे, दोन सीटच्या मधे आणला. गिअरचा दांडा थेट हाताखाली, तेल वेगळं, वजन आणखी मध्यात. आडव्या इंजिनाच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी एका फटक्यात मिटल्या.

म्हणजे ज्यांनी युक्ती काढली त्यांनीच पाच वर्षांत ती टाकली. ती वाया मात्र गेली नाही. चार, सहा, आठ सिलिंडरच्या इंजिनांना ती छान मानवली: फेरारीची डिनो, नंतरची ३०८, लान्चिया स्ट्रॅटॉस, आणि फियाटची छोटी एक्स १/९, सगळ्यांची इंजिनं मधोमध आणि आडवी. यातल्या शेवटच्या दोघींचं रूप पुन्हा गान्दिनीचंच.

तुम्हाला तिन्हींतली एक दिली तर कुठली घ्याल?

शहाणा माणूस एसव्ही घेईल; दोष कमी, किंमत सर्वांत जास्त. मी पहिली पी ४०० घेईन, पातळ पत्र्याची, एका तेलाची, पापण्यांची. किमती कित्येक कोटींत, तेव्हा निवड करायला माझं काही जात नाही. सध्या टेबलावरच्या मॉडेलच्या डाव्या दिव्याची एक पापणी भाच्याने तोडली आहे. तीन महिने झाले, मी चिकटवतो आहे, ती पडते आहे.